हार अडकवायचा हुक

अंबरनाथ (पूर्व),
दि. २ सप्टेंबर २००७

परमहट्टी, तथापि परमप्रिय भगिनी माया हिस,
सप्रेम जयभीम.

काल सायंकाळी तू दूरध्वनीवरून जी आज्ञा केलीस, तिचे पालन म्हणून हे पत्र. "दादा, यापुढे फोन नको. फोनवर तू विनोद करतोस, मी गप्प बसते आणि बिल तुला येतं. काय सांगायचं ते लिही," असे म्हणून तू रिसीव्हर ठेवलास. तुझा उल्हासनगरचा कॅम्प पाच ते अंबरनाथ हे अंतर रिक्षाने अर्ध्या तासाचे. त्यासाठी टपालखात्यास वेठीस धरणे म्हणजे शेजारच्या दारी जाण्यास वरात काढणे होय. परंतु तुझ्या आज्ञेविरुद्ध अपील करावयाचे न्यायालय या भूतलावर अद्याप स्थापन झालेले नाही, हे मी बालपणापासून जाणतो.

गाठ काढली, टाके सुकले, पहिला डोस झाला, परवा दुसरा. हे सर्व यथास्थित. मला चिंता वेगळीच आहे. तू दर शनिवारी रुग्णालयातल्या कसल्याशा महिलामंडळात जाऊन बसतेस, असे प्रमोदरावांकडून कळले. त्यास 'सकारात्मक मानसोपचार' म्हणतात म्हणे. माया, आमच्या इथल्या बागेत रोज पहाटे काही निवृत्त इसम हात वर करून सामुदायिक हास्य करतात. त्यांना पाहून मोकाट कुत्रीदेखील गंभीर होतात. तुलाही तेथे हसावयास लावीत असतील, तर सांग. घरात एक विनामूल्य विनोदी पुरुष असता बाहेरून हास्य मागविणे हा माझा उघड अवमान आहे.

लिहिण्याविषयी निश्चिंत राहा. शाळेत सरांनी "तुला रे कशाला संस्कृत?" असे विचारले, म्हणूनच मी संस्कृत घेतले. त्या 'कशाला'ची परतफेड गेली वीस वर्षे या परिसरातील सेवानिवृत्ती, सत्कार, जयंत्या व पुण्यानुमोदने यांच्या व्यासपीठांवरून करीत आहे. कुंदा म्हणते की श्रोत्यांचा यात काही दोष नव्हता.

तुझा सूत्रसंचालक बंधू,
नरेंद्र


उल्हासनगर ५,
८ सप्टेंबर २००७

दादा,
जयभीम.

दुसरा डोस झाला. तोंड आलंय, मीठ आणि साखर दोन्ही मातीसारखी लागतात. वहिनींनी पाठवलेली पेज तेवढी पोटात राहिली. केस गेले ते तू पाहिलंसच. दुकानात ब्लाउजची ट्रायल घ्यायचा मोठा आरसा आहे ना, तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात तर सांगते, पारा उडालाय.

शनिवारचा गट म्हणजे हास्यक्लब नाही. पहिल्याच दिवशी चिखलोलीच्या बकुळाताई उठून म्हणाल्या, "हसाला सांगशील त मी चालले बाय, माजी म्हस वाट बगते." तेव्हा आमच्या मानसोपचाराच्या विनिताताई म्हणाल्या, "हसू नका. रडायचं तर रडा. तुमच्यात जे बिघडलंय त्याच्यामागे डॉक्टर लागलेत. जे अजून धड आहे त्याची चौकशी कोणीच करत नाही, ती मी करणार." बकुळाताई बसल्या. म्हशीचं शेजारणीनं बघितलं.

रोज संध्याकाळी काय बरं झालं आणि ते का झालं, हे लिहायचं असतं. मी लिहिलं, काज सरळ पडलं. का? तर तेवढा वेळ हात थरथरला नाही. तुला हसू येईल. येऊ दे.

आता मुद्द्याचं. घरच्या एका माणसाकडून आपला एक प्रसंग लिहून आणायचा आहे. आपण अगदी आपल्यासारख्या वागलो, असा एक. मी बसून बसून आठवलं, मला काही सुचलं नाही. म्हणून तुझं नाव दिलं, तू लिहिणारा माणूस.

खरं सांगते, अजून चार डोस आहेत आणि मला ते घ्यावेसे वाटत नाहीत. डॉक्टर म्हणतात सहाही घ्यायला हवेत, मध्येच सोडून चालणार नाही. मी विनिताताईंना सांगून बसलेय की दादाचं पत्र वाचेन आणि मग ठरवेन. तिसरा डोस पंचवीसला आहे. त्याआधी पाठव.

आणखी एक. परवा डॉक्टरांनी तुला एकट्याला आत बोलावलं, तू पडलेल्या तोंडानं बाहेर आलास. विचारलं तर "काही नाही" म्हणालास. ते काय होतं तेही लिही.

माया


अंबरनाथ (पूर्व),
दि. १७ सप्टेंबर २००७

कर्तृत्वशालिनी माया हिस,
सप्रेम जयभीम.

सोबतचे पुडके सावकाश उघडणे, आत काच आहे.

तू एक प्रसंग मागितलास. एक प्रसंग कोत्या मनाची माणसे देतात. मी तुला संपूर्ण मानपत्र सिद्ध केले आहे. जाड कागद, काळी शाई, बोरूची लेखणी, चतुर्दिक वेलबुट्टी. वानगीदाखल: "चंदनासम झिजून जिने गृहांगण परिमळविले, दीपासम तेवून जिने आप्तस्वकीयांचे पथ उजळिले, जिच्या स्नेहच्छायेत आबालवृद्ध विसावले, त्या स्नेहमयीच्या जीवनाची ही ज्योत अनंतात अखंड तेजाळत राहो!" हे लिहिताना माझे मलाच भरून आले. कुंदेस दाखविले नाही, तिला अलंकार सोसत नाहीत.

चौकटीसाठी कॅम्प दोनमधल्या एका सिंधी कारागिराकडे गेलो. त्याने मजकूर खालपासून वरपर्यंत न्याहाळला, मान डोलावली आणि अत्यंत मृदू स्वरात विचारले, "साईं, हार का हुक लगा दूँ?" मी म्हणालो, "हाराचा कशाला?" तर म्हणतो, "सबको लगाके देता हूँ. पैसा नहीं लूँगा." विनामूल्य वस्तूस नकार देणे अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांस धरून नाही. सबब, वरच्या बाजूस जो पितळी हुक दिसेल तो हाराचा आहे, हे ध्यानी घ्यावे. हार अर्थातच समाविष्ट नाही.

डॉक्टरांशी झालेल्या संभाषणाविषयी न विचारशील तर उभयतांच्या हिताचे. काही गोष्टी पुरुषाने स्वतःच्या उरातच ठेवावयाच्या असतात.

मानपत्र दर्शनी भिंतीवर लावावे.

तुझा गुणगायक बंधू,
नरेंद्र


उल्हासनगर ५,
२४ सप्टेंबर २००७

दादा,
फ्रेम पोचली. अक्षर सुरेख आहे. काच फुटली नाही.

वहिनींना सांग, पेज पाठवायची तसदी घेऊ नका. गिऱ्हाइकांची कापडं मी परत करतेय, दिवाळीच्या ऑर्डरी घेतलेल्या नाहीत. तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

आता लिहिण्यासारखं काही नाही.

माया


अंबरनाथ (पूर्व),
दि. १ ऑक्टोबर २००७

प्रिय माया हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे लघुपत्र पोचले. भावनावेगाने कंठ दाटल्यावर शब्द असेच आखडतात, हा माझा व्यासपीठावरील अनुभव आहे. सत्कारमूर्ती माइकपुढे उभी राहते, "मी काय बोलू" एवढे म्हणते आणि खाली बसते. तुझे "आता लिहिण्यासारखं काही नाही" हे वाचून मी कुंदेस म्हणालो, "पाहिलेस? गहिवरली." ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणे थांबविले, परंतु मत दिले नाही.

दिवाळीच्या ऑर्डरी न घेण्याचा निर्णय योग्यच. विश्रांती आवश्यक.

आता एक शुभवार्ता. विजयादशमीस, एकवीस तारखेला, आमच्या मंडळाचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे. त्यात तुझा शाल देऊन सत्कार करावा आणि मी मानपत्राचे जाहीर वाचन करावे, असा ठराव मी मांडला, त्यास मीच अनुमोदन दिले व तो मंजूर झाला. फ्रेम सोबत आणणे. तिसरा डोस सुखरूप पार पडला असेलच.

नरेंद्र


उल्हासनगर ५,
७ ऑक्टोबर २००७

नरेंद्रदादा यांना प्रमोदचा जयभीम.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. माया पंचवीसला दवाखान्यात गेली नाही. मी रिक्षा दारात आणली होती. ती म्हणाली, रिक्षा परत पाठवा.

तिचं म्हणणं असं, की दादाला डॉक्टरांनी आत बोलावून सांगून टाकलंय आणि दादानं माझी शोकसभा लिहून पाठवली. मी फ्रेम बघितली. मे महिन्यात शेजारचे शंकरराव वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही हेच बोलला होतात. चंदन, दीप, सगळं. जेवताना भंतेजींनी तुम्हाला हटकलं होतं, "नरेंद्र, आपल्यात अनंतात जायची सोय कधीपासून झाली?" म्हणून. आख्खी पंगत हसली होती. म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात आहे. माया पंगतीत वाढत होती.

वर तुम्ही हाराचा हुक लावून दिला.

डॉक्टरांनी नवीन तारीख तेवीस दिली आहे. त्याच्या पुढे गेलं तर आधीचे दोन डोस घेतल्याचा फायदा राहणार नाही, असं म्हणाले.

दादा, तुम्हाला डॉक्टरांनी खरंच काही सांगितलंय का? असेल तर मला सांगा. मी नवरा आहे.

प्रमोद


अंबरनाथ (पूर्व),
दि. ९ ऑक्टोबर २००७

माया,
जयभीम.

काल मी आलो. तू दार उघडलेस, पाणी दिलेस आणि मशीनवर जाऊन बसलीस. मी तोंड उघडले की तू पाय चालवीत होतीस. मी थांबलो की तू थांबत होतीस. मशीनखाली कापड नव्हते, हे मला दिसत होते. सहस्रावधी श्रोत्यांसमोर बोललेला वक्ता एका शिलाई मशीनपुढे निष्प्रभ झाला. म्हणून लिहितो.

प्रथम डॉक्टर. त्यांनी मला आत बोलाविले, हे सत्य आहे. त्यांनी जे सांगितले, ते शब्दशः असे: "काका, तुम्ही वॉर्डात बायकांना हसवता. ताजे टाके असतात, ताण पडतो. उद्यापासून बाहेर बाकावर बसा." बस्स. मला आयुष्यात प्रथमच कोणी अति विनोदी असल्याबद्दल हद्दपार केले. मी तो अपमान उरात ठेवला आणि तुला त्यात भलतेच दिसले. तुझ्या प्रकृतीविषयी ते मला एवढेच म्हणाले होते की सहा डोस पुरे करून घ्या. डॉक्टरांस प्रत्यक्ष विचार. मजवर विश्वास ठेवू नकोस.

आता मानपत्र. तुझे पत्र मिळताच मी कपाट उघडले. माझ्याजवळ तीन संच तयार असतात: सेवानिवृत्तीचा, सत्काराचा आणि शोकाचा. नावे तेवढी बदलावयाची. सत्काराचा काढला, तर त्यात सर्वत्र 'संस्थेच्या प्रगतीत मोलाचा वाटा'. सेवानिवृत्तीच्या संचात 'वक्तशीर' आणि 'निर्व्यसनी'. तुझ्याविषयी असले काय लिहावे? शोकाच्या संचात मात्र माणसाविषयी चार मायेचे शब्द होते. मी ते उचलले. ते कोणत्या प्रसंगाचे आहेत, हे लिहिण्याच्या भरात माझ्या ध्यानीच आले नाही. जिवंत माणसाविषयी प्रेमाने लिहिण्याचा नमुना माझ्या कपाटात नाही, माया. आपल्याकडे तो कोणी मागतच नाही. मागितलास तो तूच.

कुंदेस काल सर्व सांगितले. तिने नक्कल वाचली आणि एवढेच विचारले, "हे शंकररावांचं ना?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिच्या मौनाचा अर्थ मी या वेळी बरोबर लावला आहे.

एकवीसचा सत्कार रद्द केला. तेवीसला डोसला जा, एवढीच विनंती.

नरेंद्र


उल्हासनगर ५,
१३ ऑक्टोबर २००७

दादा,

डॉक्टरांना जाऊन विचारलं. तुझं खरं निघालं. तुला बाहेर काढल्याचं सांगताना नर्सताई अजून हसत होत्या. माझ्याबद्दल त्यांनी जे सांगायचं ते मला समोर बसवून सांगितलं. खात्री कोणी देत नाही, पण डोस घेतले तर चांगली आशा आहे म्हणाले. तेवढं मला पुरतं. तो भाग मिटला.

दुसरा भाग मिटला नाही. मी आता मरणाची भीती वाटून थांबलेली नाही. डोस घेतला की पाच-सहा दिवस मी कोणीच नसते. कपाळावर ओला रुमाल आणि शेजारी बादली. त्यातून उठून परत कोण व्हायचं, ते तरी ठाऊक हवं ना? म्हणून प्रसंग मागितला होता. तुला माझ्याबद्दल लिहायला मेलेल्या माणसाचा कागद लागला. म्हणजे तुझ्याकडे माझा एकही प्रसंग नाही. माझ्याकडेही नाही. मग हे चार डोस घ्यायचे कोणासाठी, त्या चंदनासाठी?

शनिवारी गटात मी फ्रेम नेली होती. विनिताताईंनी वाचली. फक्त विचारलं, "यात तुम्ही कुठं आहात?" बकुळाताईंनी फ्रेम उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "यो हुक बाकी बरा हाय." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, तुझ्यावर चिडलेली असूनसुद्धा.

रिक्षावाल्याला तेवीसची सकाळ सांगून ठेवलीय. परत पाठवायची की बसायचं, ते ठरलेलं नाही. प्रसंग असेल तर पाठव. एकच. अलंकार नको, फ्रेम नको. खरा असेल तर मला ओळखू येईल.

माया


अंबरनाथ (पूर्व),
दि. १६ ऑक्टोबर २००७

माया,

हे चौथ्यांदा लिहितो आहे. पहिले तीन कागद कुंदेने नापास केले. आता ती समोर बसली आहे आणि मी एखादा मोठा शब्द लिहिला की खाकरते.

माझ्या लग्नाचा दिवस. म्युनिसिपालिटीच्या शाळेचे मैदान, मांडव, मे महिना. तू एकोणीस वर्षांची. बाबांनी हौसेने मला निळा कोट शिवून आणला होता, तो सकाळीच हाती आला. अंगात घातला, तर डावी बाही चार बोटे आखूड. मनगट आणि वरचा बराच हात उघडा. परत द्यायला वेळ नव्हता. मी तो हात पाठीमागे धरून व्यासपीठावर जाऊन बसलो. मनात विनोद तयार करत होतो, की कोणी विचारलेच तर काय म्हणावे.

मेणबत्त्या लागल्या. भंतेजी त्रिशरणाला सुरुवात करणार, इतक्यात तू बायकांमधून उठलीस आणि सरळ वर आलीस. म्हणालीस, "भंतेजी, थोडं थांबावं लागेल. नवऱ्याची बाही आखूड आहे."

बाबा खालून ओरडले, "माया, बस खाली! लोक बघतायत!"

तू म्हणालीस, "लोक बघतायत म्हणूनच. दादा काय जन्मभर फोटोत हात लपवून उभा राहणार?"

कुंदाच्या मामांनी विचारले, "अहो, पण वेळ?" तू त्यांना सांगितलेस, "आपल्यात मुहूर्त नसतो ना, मामा? मग टळणार काय?" यावर भंतेजी हसले. त्यांनी मांडी बदलली आणि म्हणाले, "चालू दे बाळ."

मग तू माझ्यासमोर खाली बसलीस. बाहीच्या टोकाला आत दुमडलेले कापड होते. ते दातांनी उसवलेस. पदराला सुई टोचलेली होती, पण तिच्यात दोरा नव्हता. कोणाकडेही निळा दोरा नव्हता. भंतेजींपुढे परित्राणपाठाच्या वेळी हातात धरायच्या पांढऱ्या सुताची गुंडी होती. तू तिच्याकडे पाहिलेस, मग त्यांच्याकडे पाहिलेस. त्यांनी स्वतः हातभर सूत तोडून दिले. मी हळूच काहीतरी विनोद केला. तू मान वर न करता म्हणालीस, "हलू नको, सुई लागेल."

सगळा मांडव थांबला होता. माणसे कुजबुजत होती, मुले रडत होती, आचारी दोनदा येऊन पाहून गेला. तू एकदाही घाई केली नाहीस. बाही पुरी झाली, हात खाली सोडून पाहायला लावलास, दोरा दातांनी तोडलास आणि सर्वांना म्हणालीस, "आता चालू द्या."

(इथे एक उपमा येत होती. कुंदा खाकरली. खोडली.)

आज तो कोट ट्रंकेतून काढला. बाहीच्या आत पांढरे टाके आहेत तसेच आहेत. पंचवीस वर्षांत एक उसवलेला नाही. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझे दोन्ही हात दिसतात.

हा प्रसंग माझ्याजवळ होता. तुझे पत्र आले तेव्हाही होता. मी कपाटात पाहिले, ट्रंकेत पाहिले नाही.

मंगळवारी, तेवीसला सकाळी सात वाजता मी तुझ्या दाराशी रिक्षापाशी उभा राहीन. बोलणार नाही. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसेन. तुला हवे तितके थांबवून ठेव.

दादा


उल्हासनगर ५,
१० डिसेंबर २००७

दादा,
जयभीम.

पाच झाले. तू तिन्ही वेळा बाकावर एक अक्षर न बोलता बसलास, त्याची दखल सगळ्या वॉर्डानं घेतली. नर्सताई मला विचारत होत्या, "काकांना बरं नाही का?"

पत्र लिहायला उशीर झाला, कारण हात मोकळा नव्हता. तुझा प्रसंग मी गटात वाचला. दोरा तोडण्यापर्यंत मी वाचलं, पुढचं बकुळाताईंच्या शेजारच्या बाईंनी वाचलं. विनिताताईंनी सगळ्यांना विचारलं, "यातलं काय अजून मायाताईंकडे आहे?" मला वाटलं कोणीतरी धैर्य, जिद्द असं काही म्हणेल, तुझ्या संचातलं. बकुळाताई म्हणाल्या, "सुई हाय ना! मंग माजा बिलोज कर." आणि सगळ्यांसमोर पदर बाजूला केला. डावी बाजू सपाट, ब्लाउज तिथं चुरगळून आत गेलेला. ऑपरेशन झाल्यापासून त्या भर उन्हात अंगावर शाल घेऊन फिरत होत्या. गटातल्या निम्म्या बायका तशाच. मी स्वतः ओढणीवर ओढणी. इतक्या दिवसांत मला, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला, हे सुचलं नव्हतं. आरसाच उलटा करून बसलेले ना.

पहिला फसला. सपाट बाजूला आतून शिवलेल्या उशीत नुसता कापूस भरला तो हलका, हात वर केला की गळ्याशी यायचा. बकुळाताई म्हणाल्या, "यो त चालला फिराला." दुसऱ्या वेळी तळाशी मूठभर मोहरी शिवली आणि आतून पट्टी दिली. आता त्या वैरण कापतात, म्हशीचं दूध काढतात, जागचा हलत नाही. पुढच्या आणखी ऑर्डरी आल्यात. डोसनंतरचे पाच-सहा दिवस सोडून काम करते. त्या दिवसांत अजूनही बादली लागते, ते काही सुटलं नाही. पण बादलीशी बसल्यावर आता कोणाची बाही कुठं उसवायची ते डोक्यात असतं.

तुझ्या मानपत्राचं काय केलं ते सांगायला हवं. प्रत्येकीचं माप वेगळं, त्यामुळे कापायला फर्मा लागतो. वर्तमानपत्राचा फर्मा दोनदा वापरला की फाटतो. जाड कागद हवा होता, तो भिंतीवर लागलेला होता. 'चंदन' बकुळाताईंकडे गेलं. 'आबालवृद्ध' एका शिक्षिका बाईंच्या उजव्या बाजूला बसलं. 'अनंतात' कापताना मध्येच आला, अर्धा माझ्या स्वतःच्या फर्म्यात आहे, अर्धा कात्रणांत. भंतेजींना सांग, सोय बंद झाली.

मोकळी फ्रेम घेऊन मी कॅम्प दोनला त्या कारागिराकडे गेले, आरसा बसवून द्या म्हटलं. त्यानं फ्रेम ओळखली. चेहरा पाडून म्हणाला, "ये तो उस साईं का है. गुजर गये क्या?" मी म्हटलं, "नहीं भाई, सुधर गये." त्यानं आरशाचे पैसे घेतले. हुक काढू का विचारलं, मी नको म्हटलं. त्याला आता माप घ्यायची टेप लटकते. जुना आरसाही सरळ केलाय. समोरून एक, पाठीमागून एक, बायकांना दोन्हीकडून दिसतं. मलाही.

या शनिवारी गटात आभाराचं पत्र ज्याचं त्याला समोर बसवून वाचायचं आहे. तू भाषण तयार करायला घेतलं असशील, तर थांब. मी वहिनींना बोलावलंय. पेजेबद्दल, आणि तुझे तीन कागद नापास केल्याबद्दल. तू त्यांच्याबरोबर यायचं आणि येताना निळा कोट आणायचा. अंगात जाणार नाही हे मला ठाऊक आहे, हातावर टाकून आण. बायकांना आतले टाके बघायचेत.

शेवटचा डोस पंचवीसला होता, नाताळची सुटी म्हणून सव्वीसला दिलाय. रिक्षा सकाळी सातला सांगितली आहे. या वेळी बोललास तरी चालेल.

तुझी,
माया